पाहायचं इतवारीत, घ्यायचं टपालानं

“हात लावून पाहा न बाई! पाहाले काय पैसे लागते का?”

पहिल्या भेटीतला हा आवाज... इतवारीच्या बाजाराकडे वळलं, की प्रेमिलाच्या कानाशी आधी तोच यायचा. त्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती तिथल्या एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. गादीवरच्या सावळ्या मुलाने, गिरिधरने, चप्पल बांधायला चिंधी दिली. आणि ‘हात लावून पाहा’ म्हणत, न मागताच अबोली वायलचं थान तिच्यापुढे उलगडलं. कापड झुळझुळत तिच्यापर्यंत आलं. मागोमाग त्याची नजर आली... नि लाजून परत गेली.

“घरी विचारून सांगते,” ती म्हणाली.

घरी विचारायचं होतं काय? वडिलांची गिरणी बंद. धाकट्या बहिणींची परकरपोलकी, आईचं लुगडं, सगळं प्रेमिला मुंबईच्या एका कंपनीकडून व्ही.पी.ने मागवायची. पोस्टमन दारात आला की आधी पैसे द्यायचे, मग पुडकं सोडायचं. दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडायचं.

तरी ती इतवारीत येत राहिली. थान चाचपायची, पदरासारखं हातावर घ्यायची, आणि “विचारून सांगते” म्हणत पायरी उतरायची. एकदा मात्र अबोली वायलचा झंपर घालूनच आली.

गिरिधरने पाहिलं. ओठातल्या ओठात हसला.

“कापड तर ओळखीचं आहे... कात्री आमची नाही दिसत.”

“व्ही.पी.चं आहे,” तिने मान खाली घातली.

“हाव का! पाहायचं आमच्याकडे, नि घ्यायचं डाकवाल्याकडून. नशीबवान हो तो डाकवाला!”

“रागावले?”

“कायले रागावू? त्याले तर तुम्ही दारातूनच वापस पाठवता. इथं घटकाभर बसता तरी.”

तिला हसू आलं. हसता हसताच आत काहीतरी खुपलं.

कारण ज्यातून ती कापड निवडायची, ते कंपनीचं रंगीत पुस्तक एव्हाना तिच्या मोहल्ल्यात घरोघर फिरत होतं. सगळ्यांनी मिळून एकच पार्सल मागवलं की टपालखर्च वाटला जातो, ही युक्ती प्रेमिलाचीच. बायकांनी इतवारीची वाटच सोडली. गिरिधरच्या गादीवर चादर पांढरीशुभ्र राहू लागली, कुणी बसतच नव्हतं ना!

पौषातली मळभ दाटलेली दुपार. शेजारच्या शोभाताई दारातूनच म्हणाल्या, “ऐकलं का वं प्रेमिला? तो गिरिधर न त्याचा बाप, दुकान उठवून चांद्याले चालले. आजच.”

प्रेमिला तशीच निघाली. थंड वारा अंगाला झोंबत होता. शाल घरीच राहिली, हे तिला इतवारीत पोहोचल्यावर कळलं.

दुकानाची फडताळं रिकामी. गिरिधर दाभणाने तरटाचे गठ्ठे शिवत होता.

“या... आज दाखवाले काहीच नाही.”

“माझ्यामुळं झालं न हे?”

“नाही जी. एका झंपरानं दुकान बुडत नसते.” तो हसायला गेला, जमलं नाही. “लोकाले घरबसल्या स्वस्त भेटून राहिलं. चूक कोणाची म्हणू?”

दाभण तरटात रुतलं, निघालं.

“एक विचारू?” त्याने वर पाहिलं नाही. “टपालानंच घ्यायचं होतं, तर एवढ्या दूर उन्हातान्हात काहून यायच्या तुम्ही?”

प्रेमिलाने खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला.

“भाऊ, गठ्ठे काढा लवकर! गाडी सुटन!” बाहेरून हातगाडीवाला ओरडला. गिरिधरने दोरा तोडला, गठ्ठा खांद्यावर घेतला आणि पायरीकडे वळला. आता हा उतरला, की इथे येऊन ‘विचारून सांगते’ म्हणायलाही कुणी उरणार नाही...

“थांबा न!”

तो गठ्ठ्यासकट थांबला.

“कंपनीच्या पुस्तकात...” तिने गठ्ठ्याचा कोपरा धरला, “दरेक कापडाचा तुकडा चिकटवून येते. पोत घरीच समजते. कापड पाहाले मी इथं कधी आलीच नाही, गिरिधर... मी तुम्हाले पाहाले येत होती.”