भेगेवरचे दोन पट्टे

"शेण घट्ट कालव बे. पातळ झालं तं काही समजायचं नाई."

"मग तूच कालव. दिवाळीच्या सुट्टीत लोक किल्ले करतात, अन् आपन?"

कडूबा कुरकुरला, पण हात थांबवला नाही. कोकिळा ढिगाच्या माथ्यावर गुडघे टेकून बसली होती. समोर भेग. बोट आत जाईल एवढी.

घरातली भिंत फुगली की तिची आजी भेगेवर शेणाचा पट्टा ओढायची. पट्टा फाटला तर भिंत चालते आहे. नाही फाटला तर झोपली आहे.

ढीगही झोपला आहे का?

*

ढीग म्हणजे खदानीचा मुरूम. धरणाला दगड नेऊन ठेकेदार निघून गेला, ढीग राहिला.

गेल्या साली पावसात त्याची एक बाजू घसरली. खाली सुभद्राबाईंचं घर होतं. त्या शेतात होत्या. त्यांचा मुलगा सहदेव घरात होता.

वर्गात कडूबाशेजारची जागा अजून रिकामी आहे.

*

ढिगाच्या पायथ्याशी पांढरी माती निघते. दिवाळीआधी गाव तिनंच भिंती सारवतं. सगळ्यांनी थोडी थोडी खणली. पायथा आतून पोखरला.

आणि काल सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, "वर्ष सरलं. नव्या खोलीले पांढरी लावा लागन. परवा सकाळी आनाले जाईन."

परवा म्हणजे उद्या.

*

संध्याकाळी पट्टा फाटला होता.

"वाळलं की शेण फाटतेच," सरपंच हिंमतराव म्हणाले. "ढीग आता बसला. जा, खेळा."

"दुसरा पट्टा पाहाले चला, काका."

"दुसरा?"

"बाजूच्या खडकावर. त्याच घमेल्यातला, त्याच वेळी लावलेला."

हिंमतराव वर आले. खडकावरचा पट्टा अखंड होता. त्यांनी त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "वाळून नाई फाटला तो. ढीग सरकून राह्यला."

त्याच संध्याकाळी दवंडी फिरली. पायथ्याची घरं शाळेत हलली. पायथ्याची वाट बाभळीचे काटे टाकून बंद झाली.

सकाळी ढीग खाली आला. खाली कोणी नव्हतं.

*

हिंमतरावांनी चावडीवर दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरांनी गाव वाचवलं."

सुभद्राबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "गेल्या साली कोनी पट्टा लावला असता तं..."



*

दुपारी प्रत्येक घरातून ओंजळभर उरलेली पांढरी माती सुभद्राबाईंच्या नव्या खोलीच्या दारात आली. बायका सारवायला बसल्या. भिंत पांढरी होत गेली. वरचा पट्टा तेवढा राहिला.

"तिथवर माहा हात नाई पुरत," सुभद्राबाई म्हणाल्या. "सहदेव स्टुलावर चढून करे."

स्टूल ढिगाखाली होतं.

कडूबा कोकिळेसमोर खाली वाकला. "चढ."

"जड लागन तुले."

"लागू दे."

सुभद्राबाईंनी भिजलेला बोळा कोकिळेच्या हातात दिला.