निरंक बेट

माणूस जगात एकटाच येतो आणि एकटाच जातो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. त्या बेटावर मात्र एकट्याला जाता येत नसे. चार प्रवासी झाल्याशिवाय लाँच सोडायची नाही, असा लाँचवाल्या काकांचा नियम होता. त्या गुरुवारी धक्क्यावर प्रवासी एकच होती. काकांनी आभाळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन गॅस सिलिंडर व बटाट्यांचं एक पोतं यांना माणसांत धरून इंजिन सुरू केलं.

"आपल्यालाही बोलायला सोबत होते," काका म्हणाले, आणि पुढचे पाच तास एक अक्षर बोलले नाहीत.

ती राष्ट्रीय उद्यानांच्या मुख्य कार्यालयातली तपासनीस होती. वय एकतीस. राहायला दादा-वहिनीच्या दोन खोल्या, आणि त्यांत तिच्या वाट्याला शिलाई मशीनमागची खाट. वहिनी वाईट नव्हती, फक्त कपडे शिवायला तिला नेमकी तिन्हीसांज लागायची. त्यामुळे समुद्रापलीकडची तपासणी कोण करणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिने हात वर केला. बाकीच्यांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि चहा मागवला.

तिच्या पिशवीत अहवाल होता. तपासणी अजून व्हायची होती, पण अहवाल झाला होता. 'सहा वर्षांत बेटावर काहीही घडलेले नाही. सबब राखणदाराची आवश्यकता दिसून येत नाही. केंद्र बंद करून त्यास मुख्य कार्यालयाच्या अभिलेख विभागात सामावून घ्यावे.' खाली सहीची जागा तेवढी रिकामी होती.

बेट दिसलं ते धुक्यातच. काळा दगड, ओलं गवत, झाडं म्हणाल तर सगळी मिळून सात. धक्क्यावर एक उंच माणूस एका बुटक्या स्टुलावर बसला होता.

"बूट काढा," तो म्हणाला.

"अहो, मी मुख्य कार्यालयातून आलेय. तपासणीला."

"मग आधी तुमचीच करू."

त्याने तिचा बूट मांडीवर घेतला आणि चिमट्याने नाडीतून एक गवताचं बी काढलं. मग दुसरं. तिसरं. पाऊस त्याच्या मानेवरून आत जात होता, पण त्याची नजर बुटावरून हलेना.

"हे इथलं नाही. रुजलं तर इथलं गवत मरेल," तो म्हणाला. "मोजे?"

"मोजेसुद्धा?"

"नियम आहे."

मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. त्याने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. इतक्या सभ्यपणे दुर्लक्ष आजवर तिच्याकडे कुणी केलं नव्हतं... घरी आणि कचेरीत व्हायचं ते निराळ्या प्रकारचं.

राखणदाराचं काम सांगायला सोपं होतं. बेटावरचे पक्षी झाडावर राहत नसत; जमिनीत बिळं करून राहत. उंदरांची एक जोडी बोटीतून उतरली, की वर्षभरात हजार उंदीर, आणि दोन वर्षांत पक्षी संपले. म्हणून किनाऱ्याने साठ खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटीला शेंगदाण्याच्या वासाची मेणाची एक वडी. उंदीर आला तर आधी तिला तोंड लावणार. रोज चालत जायचं, साठही वड्या बघायच्या, आणि गुरुवारी वायरलेसवर कळवायचं — दाताची खूण आढळली, किंवा निरंक.

सहा वर्षं तो 'निरंक' कळवत होता.

"कंटाळा नाही येत?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. ती त्याच्यामागून चालत होती, पाऊस दोघांच्यामागून.

"मी एका महिन्यासाठी आलो होतो. आधीचा राखणदार आजारी पडला म्हणून. तो काही उठला नाही. आणि मला परत बोलवायचं... राहून गेलं असेल."

"तुम्ही आठवण नाही करून दिली?"

"दिली होती. उत्तर आलं, 'पत्र मिळाले.'"

ती हसली. तो थांबला. एकोणिसाव्या वडीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

संध्याकाळी पक्षी समुद्रावरून परतायचे आणि बिळांतून आवाज सुरू व्हायचा. शेजारच्या खोलीत कुणीतरी उशीत तोंड खुपसून रडतंय आणि विचारलं तर सांगणार नाही, असा. पहिल्या दिवशी तिला तो ऐकवेना. चौथ्या दिवशी तो सुरू व्हायची ती वाट बघू लागली. झोपडीत एकच टेबल, दोन कप, एक कंदील, छपराला तीन गळत्या. तिच्या बाजूची गळती त्याने तिसऱ्याच दिवशी बुजवली, आपल्या बाजूच्या दोन तशाच ठेवल्या.

"तुमच्याकडच्या का नाही बुजवल्या?"

"डांबर एकीपुरतंच होतं."

"खरं?"

"डबा उघडून बघू नका," तो म्हणाला.

पिशवीतला अहवाल तिला आता वेगळा दिसू लागला होता. अभिलेख विभाग म्हणजे तिसरा मजला. म्हणजे तिच्या मागचं दुसरं टेबल. दुपारी डबा उघडताना नुसती मान वळवली की झालं! सही करायला कितीसा वेळ लागतो? चार दिवस ती याच विचाराने मनातल्या मनात सुखात होती, आणि त्याबद्दल तिला बिलकूल लाज वाटत नव्हती.

पाचव्या दिवशी धुकं तासभर वर गेलं. तो तिला टेकडीवर घेऊन गेला. समोर समुद्रात दुसरं बेट होतं, हुबेहूब असंच, कुणी आरशात ठेवल्यासारखं.

"तिथेही हेच पक्षी होते," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी तिथला राखणदार काढला. तोही निरंकच कळवायचा."

"मग?"

"मग काही नाही. वारा तिकडून असला की पूर्वी इथवर आवाज यायचा."

वारा तिकडूनच होता. ती ऐकत राहिली. वाऱ्याचा आवाज होता, लाटांचा होता. बाकी काही नव्हतं. तिने पदर नसताना पदर सावरल्यासारखा जर्किनचा काठ ओढून घेतला आणि उतरू लागली.

सहाव्या दिवशी दुपारी तो एक वडी घेऊन झोपडीत आला. ती टेबलावर ठेवली, भिंग काढलं आणि वाकून बघत बसला. बराच वेळ.

"उंदीर?" तिने आवाज शक्य तितका घाबरलेला काढला.

"मोठा आहे."

"केवढा?"

"पाच फूट दोन इंच असावा."

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"वरचा डावा दात जरासा पुढे आहे," भिंगातून डोळा न काढता तो म्हणाला. "हसला की दिसतो. पण फार हसत नाही, म्हणून... लक्ष ठेवून बसावं लागतं."

तिचे कान तापले. "कधीपासून ठेवलंत लक्ष?"

"एकोणिसाव्या वडीपासून. चव कशी होती?"

"घाण."

"उंदरांना आवडते म्हणतात." त्याने भिंग खाली ठेवलं. "का केलंत?"

तिने पिशवीतून अहवाल काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. सरकारी भाषा पहिल्या वाचनात दुखत नाही.

"निरंक कळवलंत तर केंद्र बंद," ती म्हणाली. "दाताची खूण कळवली तर कुणाची टाप नाही बंद करायची."

"आणि नियम? खूण आढळली की बेट दोन वर्षं बंद. बाहेरचं कुणी उतरायचं नाही, राखणदाराने सोडायचं नाही. सामान धक्क्यावर टाकून लाँच परत."

"वाचलाय मी नियम."

"दोन वर्षं..." तो म्हणाला. आणि मग, खाली बघत, "मी तिकडे आलो तर? अभिलेख विभागात. मला चालेल."

हे वाक्य ऐकायला ती एकतीस वर्षं थांबली होती. आणि ते आलं तेही कुठे, तर गळक्या छपराखाली, उष्टावलेल्या मेणासमोर.

"तू तिथे फायली राखशील," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "फायलींना उंदीर लागलेलेच आहेत. तू दिवसभर खिडकीतून बाहेर बघशील. माझ्यावर कधी चिडणार नाहीस. चहासुद्धा आणून देशील. आणि इकडे... टेकडीवरून जे ऐकलं, ते इकडे होईल. ते नाही मला सोसायचं."

दोन्ही गळत्या टिपटिपत राहिल्या.

"तीनशे वेळा निरंक लिहिलंय मी," शेवटी तो म्हणाला. "एकदाही खोटं नाही."

"आताही नकोच लिहू. वडीवर दाताची खूण आहे का?"

"आहे."

"कुणाची, असा रकाना आहे?"

त्याने नोंदवही उघडली. पान उलटून मागची बाजूही पाहिली. तो तसाच माणूस होता.

"नाही," तो म्हणाला.

त्याने लेखणी उचलली आणि थांबला. तिच्याकडे बघितलं. तू सांग, असं त्या नजरेत होतं. नको सांगूस, असंही होतं. तिने मान हलवली. त्याने लिहिलं. अक्षर वळणदार आलं, फक्त शेवटच्या शब्दाशी जरा हललं.

खूण कळवायला गुरुवारची वाट बघायची नसते; त्याने लगेच कळवलं. सहा वर्षांत मुख्य कार्यालयाने त्याला उलट प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी खुद्द साहेब वायरलेसवर आले. राखणदार हा बेटाचा कणा आहे, म्हणाले. आणखी साठ वड्या पाठवतो, म्हणाले. तपासनीस बाईंनी पहिल्या लाँचने निघावं आणि अहवाल फाडून टाकावा, असंही म्हणाले.

गुरुवारी लाँच आली. काकांना आता धक्क्यावर पाय ठेवायची बंदी होती; त्यांनी सामान तिथूनच फेकलं. ती लाँचवर चढली. तो धक्क्यावर राहिला. मधे हातभर पाणी, आणि ते वरखाली होत होतं.

"मला बोलता येत नाही फारसं," तो म्हणाला. "दोन वर्षांनी मी तुझ्या दारात येईन. तुझं लग्न झालेलं असेल तर... दारातूनच परत जाईन. पाणीसुद्धा मागणार नाही."

"आणि झालेलं नसेल तर?"

त्याने खूप विचार केला.

"तर पाणी मागेन."

तिचा धीर सुटला. जन्मात कधी मोठ्याने न बोललेली ती मुलगी वाऱ्यावर ओरडून बोलू लागली. ती थांबेल. वहिनीने रोज एक स्थळ आणलं तरी थांबेल. पाऊस असो, धुकं असो, लोक हसोत, केस पिकोत, दोन वर्षांची वीस होवोत, ती त्या धक्क्याकडे तोंड करून उभी राहील आणि कुणाच्या बापाला तिथून हलवता येणार नाही! तो धक्क्यावर भिजत उभा होता. त्याच्या गालावरचं पाणी पावसाचं की कसलं, हे बघायला मधे ते हातभर अंतर फार झालं होतं.

इंजिन घरघरलं. लाँच हलली नाही. काकांनी एकदा जोर लावला, दोनदा लावला, मग घसा खाकरला.

"बाई, तेवढा पाय उचलता का? दोरीवर आहे, सुटत नाही."