अठरावं गाणं

"दुरुस्त करून द्या. विकायचंय." तिने रेकॉर्डर काउंटरवर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसकणच मारली.

दुरुस्तीवाल्याने चष्मा वर सरकवला. "विकायचंय... आणि तान्ह्या बाळासारखं ओढणीत गुंडाळून आणलंय?"

ती हसली नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं. पाच वर्षं गाणं तिनेच लिहायचं, चाल तिनेच लावायची, गिटार तिची, मागचा कोरसही तिचाच, आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपाटातल्या कपड्यांत डोकं खुपसून रेकॉर्डिंगही तिनेच करायचं. एकटा जीव सदाशिव म्हणतात. पण सदाशिवाला निदान नंदी तरी असतो! अशी सतरा गाणी झाली होती. सोमवारपासून आईच्या ओळखीतली ऑफिसची नोकरी होती. मशीन विकलं की गाण्याचा विषय कायमचा मिटणार होता.

चार दिवसांनी ती आली, तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन होते.

"झालं. बटण अडकत होतं. सगळं ऐकून पाहिलं."

"सगळं? सतराही गाणी?"

"जुनं मशीन... तपासायला नको?" त्याचे कान लाल झाले. मग तो हळूच म्हणाला, "प्रत्येक गाणं संपलं की तुम्ही विचारता, 'कसं झालं गं?' आणि स्वतःच सांगता, 'चालेल.'"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत विचारायला दुसरं होतं कोण?

"अकरावं गाणं 'चालेल' असंच आहे," तो म्हणाला. "बाकीची सोळा मी दोनदा ऐकली."

ती मशीन घेऊन निघाली. रस्त्यात डोळे भरून आले. पाच वर्षांत तिच्या गाण्याला कुणी अशी नंबर सांगून नावं ठेवली नव्हती. संध्याकाळी मशीन घेणाऱ्याचा फोन आला, तो तिने वाजू दिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय न उघडतंय तोच ती दारात हजर.

"परत बिघडलं?"

"हो. प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही."

त्याने हेडफोन चढवले. गाणं अठरावं होतं, रात्रीच केलेलं. ती टेबलावरचे स्क्रू मोजत बसली, तीनदा चुकली. त्याचं टेबलावर ताल धरणारं बोट थांबलं, तेव्हा तिला कळलं, गाणं संपलं. आता तिचा प्रश्न... आणि त्यानंतर काहीच नाही.

"दुसऱ्या कडव्यात घाई केलीत," तो म्हणाला.

"दमले होते."

"मग दम खायचा. कोण मागे लागलंय?"

"सोमवारची नोकरी."

"नोकरी करा की! गाणं संध्याकाळी करा. मी सहाला दुकान बंद करतो, मग मोकळाच असतो... येऊन नुसता ऐकत बसेन. म्हणजे, तुम्हाला—" तो अडखळला. "चालेल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आपल्याला आवडलाय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. दमलेली तर ती होतीच. पाच वर्षांचा शीण काही एका सकाळीत उतरत नाही.

"चालेल," ती म्हणाली, आणि रेकॉर्डर पुन्हा ओढणीत गुंडाळू लागली.