मास्तरांचा उजवा डोळा

"माझा उजवा डोळा चोरीला गेलाय," टेलरमास्तर म्हणाले.

जावईबापूंनी दचकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही डोळे जागच्या जागी होते. उजव्या बाहुलीवर मात्र दुधावर साय धरावी तसा पडदा आला होता.

"जरा नीट सांगा," मावशी म्हणाल्या.

मावशी पूर्वी एका विमा कंपनीत दावे तपासायच्या. तिथल्या कारभाराला विटून त्यांनी नोकरी सोडली आणि खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. स्वतःची नोकरी गेल्यापासून त्यांचे जावई त्यांच्या हाताखाली यायचे. माणूस लाखमोलाचा, फक्त डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडायचा. आणि जावई म्हणजे मान ठेवणं आलं, रागावायचीही सोय नाही.

"साठी उलटल्यापासून विम्याचा हप्ता दर वर्षी वाढतोय," मास्तर सांगू लागले. "म्हातारं होणं हा जणू गुन्हा आणि हा त्याचा दंड! तरी भरत आलो. एकदाही दमडी मागितली नाही. आता मोतीबिंदू काढायचं ठरलं, तर कंपनी म्हणते, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालंय, पैसेही चुकते केलेत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बाई, हा बघ डोळा. ती म्हणाली, आजोबा, आमच्याकडे झालेलं दिसतंय. घ्या! तिला दिसतंय आणि मला दिसत नाही. फोन करावा, तर यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. अहो, आकडे दिसले असते तर फोन कशाला केला असता?"

"विम्याचं कार्ड कुठं असतं?"

"दुकानात, गल्ल्यात. कुलूप नसतं."

त्याच दिवशी मावशी कंपनीच्या नोंदीतल्या हॉस्पिटलात गेल्या. ऑपरेशन खरंच झालं होतं. कोणीतरी मास्तरांचं कार्ड दाखवून डोळा करून घेतला होता.

"फोटो जुळवला नाहीत?" मावशींनी काउंटरवरच्या माणसाला विचारलं.

"जुळला की. टक्कल, पांढऱ्या मिशा." त्यानं बाकांकडे हात केला. तिथं रांगेनं टकलं आणि पांढऱ्या मिशा बसल्या होत्या. "तुम्हीच सांगा, यातला कोणता कोण ते."

मावशींनी कपाळावर हात मारला.

विमा एजंटनं तर आधीच हात झटकले. "माझं काम पॉलिसी विकायचं. डोळे कोण कोणाचे वापरतं, ते मी कसं बघणार?"

"मास्तरांच्या घरात आणखी कोणाचा विमा आहे?"

"सूनबाई आणि मुलाचा, त्यांच्या ऑफिसातून. मास्तरांच्या धाकट्या भावानंही विचारलं होतं. पण वय झालेलं, त्यात मधुमेह निघाला. कंपनीनं दारातूनच परत पाठवलं."

बाहेर आल्यावर जावईबापू म्हणाले, "आई, म्हणजे विमा हवा असेल तर माणसानं तरुण आणि ठणठणीत असावं?"

"आणि गरज पडू देऊ नये," मावशी म्हणाल्या.

मास्तरांच्या घरी सूनबाईंनी दार उघडलं. घरात कोणाचे डोळे दुखले होते का, असं विचारताच त्या म्हणाल्या, "छे! हां, गेल्या वर्षी धाकटे काका मित्राकडे राहायला गेले होते. आले ते डोळे आलेले, काळा चष्मा लावून. मुलांना लागण नको म्हणून वेगळ्या खोलीत राहिले बिचारे."

आत त्यांचे वडील, म्हणजे मास्तरांचे व्याही, चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. टक्कल होतं, मिशा पांढऱ्या होत्या. जावईबापूंनी मावशींना कोपर मारलं.

"दोन्ही डोळे करून घेतले मी," व्याही ऐटीत म्हणाले. "आमच्या बँकेनं केलं सगळं. नोकरी सुटली तरी औषधपाणी मरेपर्यंत त्यांच्याकडे. मास्तरांना मी रोज दुकानात जाऊन सांगतो, विम्याच्या नादी लागू नका म्हणून."

"रोज दुकानात जाता?" जावईबापूंनी चपळाईनं विचारलं.

"वेळ कसा काढायचा मग?"

तिथून दोघं दुकानात गेली. मास्तर मशीनवर बसले होते. धाकटा भाऊ काज-बटणं करायचा. त्याच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. पाहुण्यांना बसायला देण्यासाठी तो उठला आणि वाटेतल्या स्टुलावर धडकला.

"जपून रे!" मास्तर कळवळले. "याचेही डोळे गेलेत. माझं झालं की याचं बघणार होतो."

मावशींनी आपल्या काळ्या कोटाचं लोंबतं बटण पुढे केलं. मास्तरांनी फळीवरून चाचपत एक रीळ उचललं. भाऊ तेव्हा चष्मा काढून सदऱ्याला पुसत होता. तो म्हणाला, "दादा, ते नको, कच्चं आहे," आणि फळीवरून दुसरं रीळ काढून त्यानं मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तरांनी बाजूला ठेवलेलं रीळ मावशींनी उचलून खिडकीपाशी नेलं. धागा गडद निळा होता. त्यांनी तो ओढून पाहिला. तुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. जावईबापूंना धीर निघेना.

"चोर सापडलाय," ते व्याह्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "यांना चष्मा लागत नाही. हे रोज इथं येतात. गल्ल्याला कुलूप नाही."

व्याही ताडकन उठले. "मी? पोरीच्या सासरी चोरी करीन?"

"बसा, व्याहीबुवा," मावशी म्हणाल्या. "जावईबापू, यांचा खर्च बँक करते. ज्याचं ताट वाढलेलं आहे, तो दुसऱ्याच्या ताटात हात कशाला घालेल? ज्याला पंगतीतूनच उठवलं, त्याचा विचार करा. विमा मागून नकार कोणाला मिळाला?"

जावईबापूंनी धाकट्या भावाकडे पाहिलं. "पण आई, यांना दिसतच नाही! काल स्टुलावर आदळले."

"चष्मा लावून आदळले. मोतीबिंदू काढला की आत नवं भिंग बसतं. मग जुन्या जाड चष्म्यातून त्या डोळ्याला उलट धूसर दिसतं. चष्मा काढल्यावर मात्र यांना काळा आणि गडद निळा धागा वेगळा ओळखता आला. मोतीबिंदू असलेल्याला ते जमत नाही. मास्तरांना जमलं नाही. धागा कच्चा नव्हता, फक्त रंग चुकला होता." मावशी भावाकडे वळल्या. "डोळे आले म्हणून काळा चष्मा लावलात आणि वेगळे राहिलात, तेव्हा ऑपरेशन नुकतंच झालं होतं. होय ना?"

भावानं चष्मा काढला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काज करताना बोटं कापायला लागली होती, दादा," तो म्हणाला. "आंधळा झालो तर सूनबाईनं मला का म्हणून सांभाळावं? तुला तेव्हा स्वच्छ दिसत होतं. वाटलं, तुला लागणारच नाही."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू दुकानातली एक मशीन विकून माझा डोळा केला असतास. म्हणून."

मास्तर मशीनवरून उठले. "म्हणजे डोळा मिळूनही वर्षभर माझ्यासमोर ठेचकाळत राहिलास? गाढवा!" आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःहून मावशींना म्हणाला, "चला, कबूल करतो. जे व्हायचं ते होऊ दे. पण दादाचा डोळा मोकळा करा."

मावशी दोघा भावांना घेऊन कंपनीत गेल्या.

"मी फसवणूक केलीय," धाकटा खिडकीतल्या मुलीला म्हणाला.

"पॉलिसी नंबर?"

"पॉलिसी नाही, म्हणून तर केली."

"मग तुमचं काही घेता येणार नाही. पॉलिसीधारकाला आणा."

मास्तर पुढे झाले. मुलीनं स्क्रीन पाहिला. "यांचं ऑपरेशन झालेलं आहे. तक्रार काय? दिसत नाही का नीट?"

"अहो, हा माणूस गुन्हा कबूल करतोय!" मावशी ओरडल्या.

"मॅडम, त्यासाठी स्क्रीनवर पर्यायच नाही."

मावशी खिडकीवर रेलल्या. "बरं. डाव्या डोळ्याचं काय?"

मुलीनं पुन्हा पाहिलं. "डावा शिल्लक आहे."

"शिल्लक!" मास्तर म्हणाले. "वाणसामान आहे का ते?"

मावशींनी घडलेलं सगळं लिहून, भावाच्या सहीनिशी कंपनीला दिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मास्तरांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही पिकलेलाच निघाला. त्याचं ऑपरेशन त्यांच्याच कार्डावर, त्यांच्याच नावानं झालं. तोवर मास्तर भावाशी कामापुरतंही बोलले नव्हते.

पट्टी निघाली, त्या सकाळी भाऊ समोर उभा होता. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पुढे होऊन त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"हा सदरा कोणी शिवला?"

"तूच की. मागच्या महिन्यात."

"शिवण बघ ही! कॉलर एका बाजूला, खिसा भलतीकडे. गिऱ्हाइकांनाही असंच दिलं असणार. अरे, तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर दिसतंय हे कळलं असतं."

मास्तरांनी बाही काही सोडली नाही.

"काढ तो," ते म्हणाले. "उसवून पुन्हा शिवून देतो."