भिंगरीची झोप

भाद्रपदात चिखलदऱ्याला धुकं एकदा उतरलं की ते पाहुण्यासारखं दोन दिवसांत जात नाही, घरजावयासारखं मुक्काम ठोकतं. डोंगरउतारावरच्या निद्रासहवास प्रयोगशाळेच्या काचांना ते दिवसभर टेकून असे. आत मऊ पिवळ्या उजेडात, आपापल्या पाळण्यात, मांजरं झोपलेली असत. झोपलेल्या मांजरांकडे बघत बसायला एवढी शिकलेली माणसं कशाला लागतात, असं गावातले लोक उघड विचारत, आणि प्रयोगशाळेतल्या कुणाला त्याचा राग येत नसे.

त्या दुपारी एकच जीव जागा होता. चार महिन्यांची, करड्या पट्ट्यांची, अंगानं काडी आणि कारभारानं वावटळ अशी एक मांजरी पडद्याच्या दांडीवर चढून बसली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. सकाळपासून तिनं दोन वायरी कुरतडल्या होत्या आणि डॉ. अंबरीश तायडे यांच्या हातावर नक्षी काढली होती. तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं होतं. भिंगरी.

“ही तुझ्या बाबांसाठी?” अंबरीशनं हातावर मलम चोळत विचारलं. “अवंती, पुन्हा एकदा विचार कर.”

डॉ. अवंती काळमेघ हिनं विचार केव्हाच केला होता. तिचे वडील, डॉ. रमाकांत काळमेघ, उभा जन्म अमरावतीच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होते. आई गेल्यावर अवंती त्यांना इथे, प्रयोगशाळेखालच्या उतारावरच्या घरात घेऊन आली. घेऊन आली खरी, पण स्वतः घरी कुठे असायची? सकाळी दुधाआधी बाहेर, संध्याकाळी दिवेलागणीनंतर परत, आणि आल्यावरही एक पाय दारात. बाबांचं हृदय आता थकलं होतं. तपासणीनंतर डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढचा उन्हाळा धरून चालू नका. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: ते जातील तेव्हा घरात एकटे असता कामा नयेत. कुणीतरी अंगाला अंग लावून बसलेलं असावं. माणूस ठेवायला बाबांनी साफ नकार दिला होता. मांजर म्हटल्यावर मात्र, काय मनात आलं कोण जाणे, लगेच हो म्हणाले.

अडचण एकच होती. मांजर माणसाळायला दोन-तीन वर्षं घेतं. तारुण्यातला धुडगूस ओसरला की मग ते कुठे मांडीवर येतं, शांत होतं, घरचं होतं. बाबांजवळ तेवढी वर्षं नव्हती. आणि वर्षं कमी करणं हेच तर अवंतीचं काम होतं.

त्याच संध्याकाळी ओसरीतल्या वेताच्या कोचावर बसून तिनं बाबांना सगळं समजावलं. म्हातारा रुग्ण आहे म्हणून गोड गोड सांगून भागण्यातलं नव्हतं. झोपेचं शास्त्र त्यांना तिच्याहून जुनं ठाऊक होतं.

“पिल्लू खेळून माणसाळत नाही, बाबा. खेळून ते नुसतं दमतं. माणसाळतं ते शेजारी झोपून. झोपेतही त्याचे कान नि नाक जागे असतात. शेजारच्याचा वास, श्वास, छातीचे ठोके, सगळं आत जात असतं. उठल्यावर मेंदू एवढंच नोंदवतो, की आपण याच्याजवळ झोपलो आणि काहीही वाईट घडलं नाही. अशा काहीही न घडलेल्या हजारभर दुपारी साठल्या की त्याला आपण माया म्हणतो.”

“लोणचं मुरतं तसं,” बाबा म्हणाले.

“तसंच. आम्ही फक्त बरणी बदललीय.” ती हसली. ‘स्वप्नपाळणा’ म्हणजे काय हे तिनं सांगितलं. पिल्लू गाढ झोपून स्वप्नात शिरलं की पाळणा त्याच्या मेंदूत त्या दुपारी पुन्हा पुन्हा सोडतो, दर वेळी किंचित वेगळ्या करून. स्वप्नाला कालनिर्णय नसतो, त्यामुळे एका झोपेत वर्षभराचा सहवास बसतो. नऊ झोपांनी नऊ वर्षं. पिल्लू उठतं ते अंगानं चार महिन्यांचं आणि स्वभावानं पोक्त.

पण त्या दुपारी आधी कुठूनतरी मिळवाव्या लागत. त्यासाठी ‘सहवासपट्टा’ होता. निळ्या कापडाचा, बोटभर रुंद, मागे कडी. पट्टा घालणाऱ्याचं स्वतःचं सगळं तो गाळून टाकी आणि शेजारच्याचं तेवढं टिपून घेई. म्हणजे हिशेब सोपा: पट्टा घालणारा मांजराच्या जागी, आणि शेजारचा तो त्याचा माणूस. भिंगरीच्या गळ्यात घालून उपयोग नव्हता, कारण ती बाबांजवळ क्षणभर टिकती तर पाळण्याची गरजच नव्हती. उशीला बांधूनही भागत नसे, कारण जिवंत सोबतीशेजारी माणूस वेगळं झोपतो. तेव्हा अवंतीलाच दुपारभर पट्टा घालून बाबांना खेटून बसायला लागणार होतं.

बाबांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. कडी दोनदा काढून लावली.

“आणि आपण गप्पा मारल्या, चहा प्यालो, ते सगळं मांजराच्या स्वप्नात जाणार?”

“छे. जागेपणीचं सगळं यंत्र गाळतं. शेजारचा माणूस गाढ झोपलेला असेल तेवढंच ठेवतं. बाकी कचरा.”

“म्हणजे गाढ झोप लागलेला जो कोणी शेजारी असेल, तो.”

“तो म्हणजे तुम्हीच, बाबा.”

“हो, हो,” बाबा म्हणाले आणि धुक्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून अवंती दुपारची घरी यायला लागली. कामासाठी का होईना, पण यायला लागली. जेवण झालं की दोघं कोचावर बसत, दोघांच्या गुडघ्यांवर एकच शाल. बाहेर सगळं पांढरं. सिल्व्हर ओकची झाडं मधूनच दिसत आणि मधूनच नाहीशी होत, आणि पागोळ्यांचा आवाज इतका सावकाश येई की पुढचा थेंब पडेपर्यंत मागचा विसरून जावा. बाबा जुन्या गोष्टी सांगत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घाबरलेल्या माणसाशी ते त्याच्या गावाबद्दल बोलत, आणि गावची वेस येते न येते तोच तो झोपलेला असे, ही त्यांची ठरलेली गोष्ट. तिनं ती लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की तिला शेवट माहीत होता. या कोचावर मात्र ती शेवटापर्यंत एकदाही जागी राहिली नाही.

कित्येक वर्षांची झोप बाकी राहिली होती तिची. पापण्या मिटायच्या, मान बाबांच्या खांद्यावर कलंडायची, आणि मग सगळं कापसासारखं व्हायचं. डोळे उघडत तेव्हा उजेड उतरलेला असे, शाल तिच्या गळ्यापर्यंत ओढलेली असे आणि बाबा शेजारी शहाण्या मुलासारखे बसलेले असत. तिला फार अपराधी वाटे. एकदा पट्ट्याची कडी मागच्याऐवजी कानाखाली आलेली होती. झोपेत सरकली असेल, म्हणून तिनं ती नीट केली. तुम्हाला झोप लागली होती का, असं ती दर वेळी काळजीनं विचारी. लागली होती की, छान लागली होती, असं बाबा म्हणत. भूल देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही कळत असतं, तर लोक टेबलावर शांत पडले असते का?

पंधरवड्यानं अंबरीशनं नोंदी चालवून पाहिल्या आणि तिला हाक मारली. इतका सुंदर सहवास त्यानं आजवर पाहिला नव्हता. श्वास लांब, खोल, एकसारखा. आणि ठोके तर ऐकतच राहावे असे.

“काकांचं हृदय थकलंय म्हणतेस? अगं, ही तरुण माणसाची झोप आहे.”

अवंतीनं ते ठोके स्वतः ऐकले. धप्, धप्, धप्, एकही पायरी न चुकता. शास्त्रज्ञ असली तरी ती लेक होती. आपण जवळ बसायला लागलो म्हणून बाबा सुधारले, हे तिला इतकं हवं होतं की तिनं ते तपासलं नाही. पुढच्या उन्हाळ्याला आंबे कुठून मागवायचे, याचा ती घरी जाताना विचार करत होती. उतारावर एका वळणाला ती थांबली आणि धुक्यात कुणी बघत नाही असं पाहून चक्क रडली.

मग भिंगरीला पाळण्यात झोपवलं. पहिल्या झोपेत तिचे पाय पळत होते, मिशा थरथरत होत्या, ती स्वप्नातही पडद्याच्या दांडीवर होती. तिसऱ्या झोपेत पाय थांबले. पाचव्या झोपेत तिनं पंजे उघडायला आणि मिटायला सुरुवात केली, लुचणारी पिल्लं आईच्या पोटावर करतात तसे. नवव्या झोपेत ती घुरघुरायला लागली आणि काचेबाहेरचं धुकं, पिवळा उजेड, अंबरीशचा चहा सगळं त्या घुरघुरीत हळूहळू बुडालं. तिच्या आत नऊ वर्षं एकच दुपार चालली होती: शाल, पागोळ्या, लोकरीचा वास, आणि कुणाचा तरी सावकाश श्वास.

टोपली ओसरीत आणली तेव्हा बाबा कोचाच्या एका टोकाला बसले होते, स्वच्छ सदरा घालून, सोयरिकीला बसावं तसे. अवंती दुसऱ्या टोकाला. अंबरीश दाराशी उभा. झाकण उघडलं. भिंगरी उडी मारून पळाली नाही. ती उतरली. जुन्या घरात बाहेरगावाहून परत आल्यासारखी तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोचाजवळ आली, आणि वर चढली.

बाबांच्या गुडघ्याला तिनं नाक लावलं. अवंतीनं श्वास रोखला.

भिंगरीनं बाबांची मांडी पायरीसारखी ओलांडली, सरळ चालत अवंतीच्या मांडीवर आली, पंज्यांनी तिची साडी तीन-चारदा मळली, मनगटाभोवती शेपूट गुंडाळली आणि डोळे मिटले. सगळ्या ओसरीत तिची घुरघुर भरून राहिली.

अवंतीचा चेहरा पडला. प्रयोग फसला, असं ती पुटपुटली. अंबरीश म्हणाला, की फसला कुठे, इतकं पक्कं माणसाळलेलं मांजर मी पाहिलेलं नाही, फक्त माणूस चुकलाय. आणि हे बोलता बोलता तो थांबला. त्यानं काकांकडे पाहिलं. मग चहा टाकतो म्हणून आत निघून गेला. शहाणा माणूस.

“बाबा,” अवंती म्हणाली, “पट्टा कोणाच्या गळ्यात होता?”

“तुला झोप लागेपर्यंत तुझ्या.” बाबांनी शाल नीट केली. “मग माझ्या. उठायच्या आधी परत तुझ्या. चाळीस वर्षं माणसं झोपवली बाई मी. कोण किती खोल गेलंय ते मला श्वासावरून कळतं.”

“पण का?”

“मांजर किती जगतं?”

“पंधरा. अठरासुद्धा.”

“अठरा वर्षांचं जनावर मला कशाला गं? मी गेल्यावर एकटं कोण राहणार आहे या घरात, मी की तू?”

अवंतीला एकदम आठवलं. त्या नोंदी. तो लांब, खोल श्वास. ते एकही पायरी न चुकणारे ठोके.

“म्हणजे ते हृदय…”

“तुझं. चांगलं आहे. मी रोज ऐकत होतो.”

आंबे, उन्हाळा, वळणावरचं रडणं, सगळं एका क्षणात तिच्या अंगावर आलं. तिला बाबांचा भयंकर राग आला आणि त्याच दमात त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं. दोन्ही करता येत नव्हतं, कारण मांडीवर भिंगरी होती. डोळे मात्र कुणाचं ऐकत नाहीत, ते वाहत राहिले. शेवटी तिनं विचारलं, की मग तुमच्याजवळ कोण बसणार? मी त्याच्यासाठीच तर हे सगळं केलं होतं.

“ही बसेल की.” बाबांनी अवंतीच्या अगदी जवळ सरकून हळूच हात भिंगरीच्या पाठीवर ठेवला. तिनं एक कान हलवला आणि चालवून घेतलं. “तू असशील तिथे ही असणार. तू माझ्याजवळ बसलीस तर हीही माझ्याजवळ. तू वर प्रयोगशाळेत, तर मला दोघीही नाही. तुझं शास्त्र आहे, मी काय बोलणार?”

अवंतीचा फोन वाजत होता. वरून बोलावणं असणार. तो कोचाजवळच्या टेबलावर होता, हात पुरेल इतका जवळ. उठलं तर भिंगरी जागी झाली असती. फोन वाजून वाजून थांबला.

थोड्या वेळानं बाबांची मान तिच्या खांद्यावर कलंडली. त्यांचा श्वास तिनं पहिल्यांदाच असा जवळून ऐकला. तो लांब नव्हता, एकसारखा तर नव्हताच. मधेच अडखळे, कुठेतरी थांबे, आणि तिला धडकी भरेपर्यंत थांबून पुन्हा चालू होई. भिंगरीला या माणसाची काहीच ओळख नव्हती. अजून अठरा वर्षं ती याच कोचावर झोपणार होती, आणि तिच्या एकाही स्वप्नात तो नव्हता.

धुकं ओसरीच्या कठड्यापर्यंत आलं होतं. भिंगरीला धक्का लागू न देता अवंतीनं टेबलावरचा निळा पट्टा ओढून घेतला, गळ्यात घातला आणि मागची कडी लावली. या वेळी मात्र ती जागी राहिली.