बाबांचा डावा हात

चष्म्याच्या दुकानातून ती रोज चारला सुटायची आणि थेट हॉस्पिटल गाठायची. त्या दिवशीही तशीच आली, काखेत बाबांच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन. बाबा जागे होते आणि आपल्याच पांघरुणाकडे संशयाने बघत होते.

"हा हात कुणाचा आहे गं? माझ्या अंथरुणात कुणी ठेवला?"

"तुमचाच आहे, बाबा."

"माझा नाही. गार आहे बघ किती."

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून समजावलं. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून वर्षभर गोळ्या देऊन शरीराची राखण मुद्दाम झोपवली होती. तेवढ्यात एक बुरशी आत शिरली आणि मेंदूत उजव्या बाजूला गाठ करून बसली. म्हणून डावं अंग त्यांना परकं वाटत होतं. "तुमच्याआमच्यासारख्या धडधाकट माणसाच्या ती सहसा वाट्याला जात नाही. औषध लागू पडेल. ते सलाईनमधून जातंय, त्यात मात्र खंड पडता कामा नये."

तिला पटलं. जन्म भिंगं घासण्यात गेलेला. दिसण्यातले घोटाळे तिला नवे नव्हते.

पण बाबा झोपले की तो हात उठायचा. दोनदा त्याने उजव्या हातातली सुई उपटली. शेवटी सिस्टरने डावं मनगट पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलं.

"बावीस वर्षं करतेय हे काम," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली. "झोपेतला हात चाचपडतो हो. हा चाचपडत नाही... पट्टी सोडू नका."

तिसऱ्या दिवशी खोलीत फक्त पंख्याची घरघर होती आणि फिनेलचा वास. चादर खोचायला ती वाकली, तशी बांधलेल्या हाताची बोटं तिच्या कानाला लागली. त्यांनी पाळी चिमटीत धरली, कानातल्याची फिरकी शोधली आणि दोन वेढे घट्ट केली.

ती जागच्या जागी थिजली. शाळेला निघताना रोज तिची फिरकी अशी आवळणारं एकच माणूस होतं. तिची आई. डावखुरी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिने पट्टी सोडली. चुकतंय हे कळत होतं, पण त्या स्पर्शाची भूक फार जुनी होती. हात तिच्या गालावर आला, त्याने तिचे केस मागे सारले. ती पोटभर रडली. डोळे पुसून बघते तर हात सुईवर पोचला होता.

"आई... नको."

तिने दोन्ही हातांनी ते मनगट धरलं. आजारी माणसाच्या अंगात इतका जोर नसतो. बाबांचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले.

"त्यांना नेऊ नकोस. एकटं वाटतं का तुला तिथे? मग माझ्याकडे राहा... पण त्यांना सोड."

हात सैल पडला. हळूहळू ऊबही आली त्याला.

सहा आठवड्यांत गाठ विरत आली. बाबा दोन्ही हातांनी शर्टाची बटणं लावू लागले, सिस्टरला पोरीच्या दुकानातला चष्मा फुकट देतो म्हणून चिडवू लागले. तिच्या जिवात जीव आला. त्या दुपारचं ती कुणाजवळच बोलली नाही.

घरी सोडलं त्या दिवशी, लांबलचक व्हरांड्यातून चालताना, बाबांनी तिचा उजवा हात गच्च धरला होता.

"बाबा, सोडा की आता. छान चालताय तुम्ही. मला गाडी बोलवायचीय."

ते थांबले. "आधाराला नाही धरलेला, पोरी." त्यांनी तिच्या डाव्या बाजूला पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "तो हात तुझ्या आईने धरलाय. मी हा सोडला तर..."

बाहेर लख्ख ऊन होतं. तिने डावी मूठ उघडायला बघितली, पण बोटं काही उघडेनात. पायऱ्या सरळ खाली उतरत होत्या आणि ती मात्र थोडी थोडी डावीकडे सरकत चालली होती.