सुधारलेला नेम

चिंध्या मी कापायचे. ठासणीच्या बंदुकीत शिशाची गोळी नुसती टाकून भागत नाही. तिच्याभोवती चरबी लावलेला कापडाचा गोल तुकडा गुंडाळावा लागतो, म्हणजे ती नळीत घट्ट बसते आणि आतल्या पिळदार खाचांबरोबर फिरत बाहेर पडते. मी जन्मभर गोधड्या शिवलेली बाई, कापडाची वीण माझ्या बोटांना कळते. त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या, ल्यूथरच्या बंदुकीचा हा भाग आपोआप माझ्याकडे आला. दारू, धूर, आवाज आणि तोंड पाडून बसणं हे त्याच्याकडे राहिलं.

तोंड का पाडलंय ते सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. गेल्या वर्षी नाताळ झाल्यावर, चकमकीच्या बंदुकांनी शिकार करायचा मोसम लागला तेव्हा, ल्यूथरनं ओढ्याकडे एका हरणीवर बार टाकला. गोळी लागायला हवी खांद्यामागे, लागली पोटात. हरणी पळाली. दिवस मावळत होता आणि बर्फ भुरभुरायला लागलं होतं. तो कंदील न्यायला परत आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. थंडी आत नको म्हणून काच न उघडताच मी ओरडून सांगितलं की रस्सा निवतोय, ती काही कुठे जात नाही, सकाळी बघ. पोटात लागलेल्या जनावराला थोडा वेळ पडू द्यायचं असतं, मागे धावलं की ते लांब जातं, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. ल्यूथर जेवला. सकाळी उठून पाहतो तो सगळं पांढरंशुभ्र, रक्ताचा थेंबही दिसेना.

ती सापडली वसंतात, शेजारच्या एमरीच्या कुत्र्याला. आमच्याच ओढ्याच्या काठी, कोठारापासून हाकेच्या अंतरावर. एमरी पोटात काही ठेवणारा माणूस नाही. रविवारी अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये नाश्त्याला सगळे जमलेले, तिथे पॅनकेकच्या रांगेत उभं राहून त्यानं ते सांगितलं.

"पुढच्या खेपेला हरणीच्या गळ्यात घंटा बांध रे, ल्यूथर. सापडेल तरी."

लोक हसले. ल्यूथरही हसला आणि भरलेलं ताट तसंच ठेवून गाडीत जाऊन बसला. मला त्याची लाज वाटली. पुढे घरी येईपर्यंत, तशी वाटली याचीच लाज वाटत राहिली. तो एवढंच म्हणाला की बंदुकीच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसायला लागत नाहीत तोवर रानात पाय ठेवणार नाही.

मग उन्हाळाभर कोठारामागे हाच उद्योग चालला. ओढ्याकडच्या दरडीला त्यानं फळी टेकवली, तिच्यावर कागद आणि कागदावर काळं वर्तुळ. प्रत्येक बारानंतर नळी पुसायची, दारू शिंगाच्या मापानं मोजायची, ठासायचा गज दर वेळी तेवढ्याच जोरानं दाबायचा. उडालेल्या चिंध्या गवतातून मी वेचून आणायचे. चिंधी बघितली की आत काय झालं ते कळतं. जळली असेल तर कापड पातळ, चिरली असेल तर नळीच्या तोंडाला धार. आमच्या चिरत होत्या. ल्यूथरनं बारीक पॉलिशकागद अंगठ्याखाली धरून नळीचं तोंड दिवसचे दिवस घासलं. मी जुन्या गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड उसवून दिलं. पानं पिवळी पडेपर्यंत गोळ्या एकाच भोकातून जायला लागल्या. मला त्याचा अभिमान वाटला आणि मी तो बोलूनही दाखवला.

मोसम तोंडावर आला तेव्हा तो म्हणाला, वर्तुळावर नेम धरणं वेगळं, जनावरावर वेगळं. मी पिशव्यांच्या तपकिरी कागदावर खऱ्या मापाची हरणी काढून दिली. आडवी उभी, मान वळवलेली. त्यानं खांद्यामागे नेम धरला आणि बार टाकला.

भोक पोटात पडलं.

दुसरी गोळी त्याच भोकातून गेली. तिसरीही. त्यानं शांतपणे नवा कागद लावून वर्तुळावर मारली, ती बरोबर मधोमध. हरणीवर मारली, पोटात. त्यानं हातोडीच्या टिचक्या मारून नळीवरची नेमाची खाच सरकवली. वर्तुळावर गोळी तेवढीच बाजूला गेली, जायलाच हवी होती. हरणीवर मात्र पुन्हा पोटात, त्याच भोकातून. चिंध्या मी तपासल्या. एकही चिरलेली नव्हती, एकही जळलेली नव्हती. याहून चांगल्या चिंध्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

ल्यूथर यंत्रांच्या कारखान्यात म्हातारा झालेला माणूस. भुताखेतांचं नाव काढलं तर उठून जाईल. तो कागदासमोर मान खाली घालून उभा राहिला. "बंदूक चांगली झालीय," तो म्हणाला. "आता चुकायला जागाच नाही." त्याच्याकडे मला बघवेना.

मीच एमरीला फोन करून बोलावलं. त्याचा नेम कधी चुकत नाही असं तोच सांगत असतो. थर्मासमधली कॉफी घेऊन, थट्टा करतच तो आला. म्हणाला, बंदूक बिचारी काय करणार, मागे कोण उभं आहे ते बघायला हवं. मग गाल दस्त्याला लावून त्यानं हरणीवर बार टाकला.

धूर निवळल्यावर आम्ही तिघं फळीपाशी गेलो. पोटातल्या भोकाखेरीज एक नवं भोक होतं. हरणीच्या खालच्या जबड्यात.

एमरीनं टोपी काढून हातात घेतली.

"माझ्या त्या हरणाचं तुला कुणी सांगितलं?" त्यानं ल्यूथरला विचारलं.

"काय सांगितलं?"

जबडा फुटलेलं जनावर लगेच मरत नाही. त्याला खाता येत नाही, एवढंच. एमरीनं त्या भोकावर अंगठा ठेवला, काढला आणि आमच्याकडे न बघता गाडीकडे गेला. त्याचा थर्मास ओंडक्यावर तसाच राहिला.

ल्यूथरनं नळी पुसली, दारू घातली, माझ्याकडून चिंधी घेतली. गोळी ठासून बंदूक माझ्यापुढे धरली.

"आता तू मार, डेल्फा. तू कधी कशाला इजा केली नाहीस. तुझी बरोबर लागेल, मग मला कळेल."

मी घेतली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. या दोघा पुरुषांच्या माना खाली गेलेल्या, आणि माझं काय जाणार होतं? घर आमच्या पाठीमागे, मध्ये अख्खं कोठार. समोर दरड. मी खांद्यामागे नेम धरून चाप ओढला.

कागदावर नवं भोक नव्हतं.

फळीवरही नव्हतं. दरडीची माती आम्ही हातानं चाचपली, कुठे खूण नाही. माझी चिंधी गवतात पडलेली, काठांचे धागे सुटलेले, मधोमध काळा गोल. जशी हवी तशी.

"वरून गेली असेल," ल्यूथर म्हणाला आणि कितीतरी महिन्यांनी हसला. "चल, तूही चुकलीस."

मलाही हसू आलं. तो बंदूक धुवायला कोठारात गेला आणि मी रस्सा गरम करायला घरात आले.

स्वयंपाकघर थंडगार पडलं होतं. चूल तर पेटलेली होती. मी भांडं वर ठेवलं, ढवळलं, वाडगे मांडले. बाहेर दिवस मावळत होता आणि बर्फ भुरभुरायला लागलं होतं. ल्यूथर कंदील घेऊन कोठाराच्या दारात आला, पण घराकडे वळला नाही. ओढ्याच्या बाजूला बघत उभा राहिला.

त्याला जेवायला बोलवायचं म्हणून मी नेहमीसारखी खिडकीशी गेले आणि काच न उघडताच तोंड उघडलं.

गार वारा सरळ माझ्या दातांवर आला.

काचेला भोक होतं. करंगळी जाईल एवढं, गोल, एकही तडा नसलेलं. खाली फरशीवर काचेचा कण नव्हता. मला वाकावं लागलं नाही, टाचाही उंचवाव्या लागल्या नाहीत. ते बरोबर माझ्या ओठांसमोर होतं.

ल्यूथरनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मी काय सांगते त्याची तो वाट बघत होता.